बॅटरी नवी, तरी गाडी का अडखळते?

प्रश्न: बॅटरी बदलल्यापासून माझी पेट्रोल गाडी सिग्नलला थांबली की थरथरते. नवी बॅटरीच खराब निघाली का?
– एक वाचक, सिल्वासा

उत्तर: बहुधा नाही. बॅटरी काढली की अनेक गाड्यांचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) शिकलेलं विसरतो. थ्रॉटल बॉडीत काजळी साचल्यावर त्याने हवेची जी जुळवाजुळव केलेली असते, तीही पुसली जाते. म्हणून आयडलिंग बिघडतं. आधी टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घट्ट आहे ना, ते बघा. घाईत बसवलेल्या बॅटरीचं दुखणं बरेचदा एवढंच असतं! मग ईसीयूला पुन्हा शिकता यावं म्हणून एसी बंद ठेवून इंजिन गरम होऊ द्या आणि सिल्वासाहून खानवेलपर्यंत सावकाश फेरी मारा. फरक पडला नाही किंवा गाडी बंदच पडू लागली, तर थ्रॉटल बॉडी साफ करून स्कॅनरने आयडल रीलर्न करून घ्या. चालू इंजिनावर बॅटरीपाशी साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले नाहीत, तर अल्टरनेटर तपासा.