मालवाहू पिकअपच्या टायरची रुंदी

आंब्याचा हंगाम जवळ आला की आचरा व आसपासच्या गावांतील बागाईतदार आपापल्या पिकअपचे टायर बदलण्याच्या विचारास लागतात. टायर जितका रुंद तितका तो अधिक भार वाहतो, असा कित्येकांचा समज आढळतो. हा समज सर्वांशी खरा नाही. भरलेली गाडी फोंडा घाटात टायर फुटून अडकली, तर उन्हात तापणाऱ्या पेट्यांची किंमत टायरच्या किमतीहून पुष्कळच अधिक भरते. म्हणून या विषयाचा येथे विचार करू.

बैलगाडीच्या अरुंद लोखंडी धावेने रस्त्यास खोल चाकोऱ्या पडतात, हे आपले वाडवडील जाणत होतेच. इंग्लंडात तर १७५३ साली टोलाच्या रस्त्यांवरील जड गाड्यांची चाके नऊ इंच रुंद असावीत असा कायदाच झाला. परंतु धाव निराळी व टायर निराळा. टायरमध्ये भार तोलून धरते ती मुख्यत्वे आतील हवा. हवेचा दाब तोच ठेवला, तर रुंद टायरची जमिनीस टेकणारी जागा फारशी वाढत नाही. ती लांबट होती ती आडवी होते, इतकेच.

भाराचा खरा निर्णय टायरच्या कुशीवरील आकड्यांत असतो. ‘२१५/७५ आर १५’ यात २१५ मिलिमीटर ही रुंदी, तिच्या शेकडा ७५ ही कुशीची उंची, व १५ इंच हा रिंगेचा व्यास होय. त्यापुढील आकडा भारांक. १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. भरल्या गाडीच्या मागील आसावर २,००० किलो येत असतील, तर भारांक १०८ हून कमी चालणार नाही. आम्ही तर ११२ चाच घ्या असे म्हणू. कातळावरील खड्ड्यांत भार दोन्ही चाकांवर सारखा राहत नाही. प्रवासी मोटारीचा रुंद टायर दिसावयास भरदार असला, तरी त्याचा भारांक पुष्कळदा मालवाहू जातीच्या अरुंद टायरहून कमी असतो.

२१५ च्या जागी त्याच रिंगेवर २३५/७५ चढविला, तर चाकाची उंची ३० मिलिमीटर वाढते. मग वेगमापक ६० दाखवी तेव्हा गाडी सुमारे ६२॥ च्या वेगाने धावत असते, चढणीवर ओढ कमी पडते, आणि भार भरल्यावर टायर पाट्यांस किंवा पंख्यास घासण्याचा संभव असतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ घडणीतील बदलांस मर्यादा घालते.

आता आपल्या वाटा. पावसाळ्यात मळ्यातील पाणंदीचा चिखल वरवरचा असून खाली घट्ट मुरूम असतो; तेथे अरुंद टायर चिखल कापून मुरमास लागतो, रुंद टायर वरच घसरतो. डांबरी रस्त्यावर साचलेल्या पाण्यातही रुंद टायर लवकर तरंगू लागतो. पुळणीत मात्र रुंदीचा उपयोग खरा. परंतु वर्षातून चार वेळा पुळणीत जाणाऱ्याने त्यासाठी टायर बदलू नये. माल उतरवून हवा तृतीयांशाने कमी करावी, धीम्या गतीने बाहेर यावे व रस्त्यास लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी.

तात्पर्याने कारखान्याने नेमलेलेच माप, मालवाहू जातीचे, घ्यावे. एका आसावर दोन निराळ्या रुंदीचे टायर घालू नयेत. खरेदीच्या वेळी कुशीवरील चार आकडी खूणही पाहावी: २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल.