गॅसची भट्टी: आधी ज्योत, मग गॅस

२९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरजवळच्या सीतापुऱ्यात एका तेलडेपोत पेट्रोल गळू लागले. स्फोट लगेच झाला नाही. तास-सव्वा तास वाफ जमिनीलगत पसरत राहिली, कुठेतरी ठिणगी मिळाली आणि मग जे झाले ते जयपूरकर विसरलेले नाहीत. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे भांक्रोट्याजवळ अजमेर महामार्गावर टँकरला धडक बसली आणि एलपीजी रस्त्यावर पसरला. तो पेटला तेव्हा आजूबाजूची वाहने माणसांसह त्यात सापडली.

छात्रांनो, सुरी घडवायच्या पाठाची सुरुवात या दोन घटनांनी करण्याचे कारण सरळ आहे. आपण भट्टीला जो गॅस जोडणार आहोत तो हाच. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला की तो वर जाऊन विरत नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरे.

जयपूरच्या रस्त्यांवर गाडिया लोहारांच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. जमिनीतला छोटा खळगा, त्यात कोळसा, एकजण भाता चालवतो, दुसरा ऐरणीवर घण मारतो. त्यांच्या आणि आपल्या भट्टीतला फरक नीट समजून घ्या. कोळशाच्या भट्टीला हवा माणूस पुरवतो. हात थांबला की आच बसते. गॅसच्या भट्टीचे उलटे आहे. तुम्ही थांबलात, वळलात, गप्पा मारायला गेलात, तरी सिलिंडर इंधन देतच राहतो. म्हणून भट्टी चालू असताना एक माणूस कायम कॉकजवळ उभा राहील आणि तो दुसरे काहीही करणार नाही.

आता बांधणी. कवचासाठी सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाचा आणि ३० सेंटिमीटर लांबीचा लोखंडी पाइप घ्या. जुना गॅस सिलिंडर कापून भट्टी करण्याची कल्पना डोक्यातून काढून टाका, रिकाम्या दिसणाऱ्या सिलिंडरातही गॅस उरतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइपही नको. तो तापला की पांढरा धूर निघतो आणि त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आतून सिरॅमिक लोकरीचे अडीच-अडीच सेंटिमीटरचे दोन थर बसवा, म्हणजे मध्ये बारा सेंटिमीटरची पोकळी राहते. एवढ्याला पाऊण इंची एक बर्नर भरपूर होतो. तळाला अग्निरोधक वीट ठेवा. साधी वीट, दगड किंवा काँक्रीट आत वापरू नका, त्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तुकडे उडतात. मागचे तोंड लहान ठेवा, पण पूर्ण बंद करू नका.

लोकर दिसते कापसासारखी, पण तिचे तंतू फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. कापताना ती थोडी ओलसर करा, एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घाला. बसवल्यावर तिच्यावर आधी घट्ट करणारे द्रावण आणि मग अग्निरोधक लेप द्यायचा, एकही तंतू उघडा दिसता कामा नये. पुष्कळ हौशी माणसे घाईत हा लेप टाळतात. मी तशा भट्टीजवळ उभा राहत नाही. लेप दिवसभर सुकू द्या, मग मंद आचेवर पाच-दहा मिनिटे तापवून थंड करा आणि असे दोन-तीनदा करा.

बर्नर पहिल्या भट्टीसाठी तयार विकत घ्या. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर चालत नाही, त्याचा दाब फार कमी असतो. दाबमापक असलेला उच्च दाबाचा रेग्युलेटर, एलपीजीसाठीच बनवलेली जाड नळी आणि हाताशी लगेच बंद होणारा कॉक हवा. पालकांसाठी एक सूचना: घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणे नियमात बसत नाही. भट्टीला व्यावसायिक सिलिंडर लागतो. तो उभा, भट्टीपासून निदान तीन मीटरवर आणि सावलीत ठेवा. जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारा माणूस एकदाच शोधतो.

जागा तिन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये असावी, खोलीत कधीच नाही. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग. डोके जड वाटू लागले की गॅस बंद करा आणि बाहेर या. आपल्याकडच्या वाऱ्याचाही विचार करा. जयगडावर तोफा ओतायच्या भट्टीला डोंगरावरच्या वाऱ्याचा उपयोग करून घेतला होता आणि त्याच कारखान्यात १७२० मध्ये जयवाण तोफ घडली. आपल्या बर्नरला मात्र समोरून येणारा वारा नडतो, ज्योत आत ढकलली जाते. भट्टीचे तोंड वाऱ्याला आडवे ठेवा. जानेवारीच्या सकाळी गॅस कमी येतो, सिलिंडरवर दव किंवा बर्फही धरतो. अशा वेळी कुणी त्याच्यावर उकळते पाणी ओततो, कुणी खाली शेगडी ठेवतो. दोन्ही करू नका. ऊन वर येईपर्यंत थांबा.

पेटवण्याचा क्रम एकच आहे: लांब दांड्याची पेटती ज्योत आधी भट्टीच्या तोंडात, मग कॉक हळूच उघडायचा. स्वतः बाजूला उभे राहा, तोंडासमोर नाही. माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी लाइटर पेटेना, म्हणून मी कॉक तसाच ठेवून दुसरा आणायला गेलो. अर्धे मिनिटही झाले नसेल. परत येऊन ठिणगी दिली आणि ‘भक्क’ असा आवाज झाला. भुवया यायला महिना लागला. भट्टीत कसर पडली नव्हती, जोडणीही निर्दोष होती. चुकला होता फक्त क्रम.

नीट चाललेल्या बर्नरचा आवाज एकसारखा घोंघावणारा असतो. तो फडफडला किंवा नळीच्या आतून येऊ लागला तर ज्योत मागे सरकली आहे, ताबडतोब कॉक बंद करा. तोंडातून पिवळी लांब जीभ निघत असेल तर हवा कमी आहे.

पहिल्या दिवशी सुरी करू नका. भिंतीला लावायचा आकडा करा, मग आणखी दहा आकडे करा. सुरीसाठी ट्रकचा जुना पाटा चांगला, त्याचे पोलाद कडक होते. सुती कपडे आणि चामड्याचे बूट घाला. चारशे अंशांवरचे लोखंड काळेच दिसते, म्हणून ऐरणीजवळच्या प्रत्येक तुकड्याला गरम समजा आणि सांडशीनेच उचला.

पाते घडल्यावर त्याला ‘पाणी द्यायचे’ असते. शब्द पाण्याचा असला तरी या पोलादाला तेल बरे. पाते लाल होत जाते आणि साधारण ७७० अंशांना त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवून सुमारे ५० अंशांच्या खाद्यतेलात सरळ उभे बुडवायचे. तेल धातूच्या भांड्यात ठेवा, झाकण शेजारी तयार असू द्या. तेल पेटले तर झाकण टाका, पाणी नाही. आता पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, असे दोनदा ठेवायचे. कडेवर फिका गवती रंग आला की झाले.

पात्याची लांबी चार इंच ठेवा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, जे घरकामाचे वा शेतीचे नाही, ते शस्त्रांच्या नियमांत येते. तयार सुरी कार्यशाळेच्या कपाटात राहील, वसतिगृहात जाणार नाही.

बंद करताना आधी सिलिंडरची झडप बंद करायची. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग कॉक आणि रेग्युलेटर बंद. भट्टी निदान दोन तास कुणी हात लावण्याजोगी नसते. त्या दोन तासांसाठी तिच्याजवळ खडूने लिहिलेली पाटी ठेवा: ‘गरम आहे’.