नांव तेंच, पण पक्ष तोच काय?

इतिहासाच्या तासास अब्राहाम लिंकन याचें चरित्र शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें मोठा मार्मिक प्रश्न विचारिला. "सर, गुलामांस मुक्त करणारा लिंकन रिपब्लिकन पक्षाचा होता, मग अमेरिकेंतील बहुसंख्य कृष्णवर्णीय लोक आज त्या पक्षाविरुद्ध मत कां देतात?" इतक्यांत घंटा झाली व उत्तर अर्धवटच राहिलें. तें येथें सविस्तर देण्याचें योजिलें आहे. कारण, बालमित्रहो, आज तुम्ही विद्यार्थी असलां तरी अठरा वर्षें पुरीं होतांच मतदार होणार आहां.

प्रथम मूळ स्थिति पाहूं. नव्या प्रांतांत गुलामगिरी असावी कीं नसावी, हें तेथील वसाहतवाल्यांच्या मतावर सोपविणारा कायदा इ. स. १८५४ मध्यें झाला. त्याच्या निषेधार्थ उत्तरेकडील लोकांनीं रिपब्लिकन पक्ष स्थापिला. डेमोक्रॅटिक पक्ष त्याहून जुना. त्याचा मोठा आधार म्हणजे दक्षिणेंतील कापसाचे मळेवाले व तेथील गोरे शेतकरी. १८६० सालीं लिंकन निवडून आला, तेव्हां त्यास शेंकडा ४० च्या सुमारास मतें पडलीं होतीं. दक्षिणेंतील बहुतेक संस्थानांत तर त्याच्या नांवाची मतपत्रिकाच नव्हती. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें. १८६३ मध्यें मुक्ततेचा जाहीरनामा निघाला, १८६५ मध्यें घटनेनेंच गुलामगिरी नष्ट केली, आणि १८७० मध्यें वर्णावरून कोणाचाही मताधिकार हिरावूं नये असें ठरलें. त्याच वर्षीं हायरम रेव्हल्स नांवाचे कृष्णवर्णीय मेथडिस्ट पाळक मिसिसिपी संस्थानातर्फे सेनेटमध्यें बसले. त्यांचा पक्ष अर्थातच रिपब्लिकन होता. या महत्कार्याचा ध्वनि पुण्यापर्यंत पोंचला. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेलच.

परंतु उत्साह ओसरतो व हिशेब उरतो. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादग्रस्त झाली. १८७७ मध्यें रिपब्लिकन हेज अध्यक्ष झाला, आणि दक्षिणेंतील रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशीं असलेलें सैन्य त्यानें काढून घेतलें. मग तेथील गोऱ्या पुढाऱ्यांस रान मोकळें मिळालें. मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेंत मतदारावर कर बसला व घटनेचें कलम वाचून किंवा त्याचा अर्थ सांगून दाखविण्याची अट आली. परीक्षा घेणारा अधिकारी गोरा; तेव्हां निकाल काय लागे, हें सांगावयास नको. इतर संस्थानांनींही असेच उपाय योजिले. ज्याचें मत गेलें, त्याचें गाऱ्हाणें कोण ऐकणार? दक्षिण हा डेमोक्रॅटिक पक्षाचा अभेद्य किल्ला बनला, आणि उत्तरेंतील कारखानदारी व व्यापार यांकडे लक्ष गुंतलेल्या रिपब्लिकन पक्षास आपल्या जुन्या ऋणाचें विस्मरण पडत चाललें.

या स्थितीस पहिला धक्का दिला तो कोणा पुढाऱ्यानें नव्हे, तर पोटासाठीं गांव सोडणाऱ्या लोकांनीं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेंतील कृष्णवर्णीय कुटुंबें शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांकडे मोठ्या संख्येनें जाऊं लागलीं. तेथें त्यांस मत देतां येई. १९२९ नंतरच्या मंदींत बेकारीचा कहर झाला. डेमोक्रॅट रूझवेल्ट यानें सरकारी कामें काढून लोकांच्या हातांस काम दिलें, आणि १९३६ सालीं बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदारांनीं लिंकनच्या पक्षाचा निरोप घेतला. आतां एकाच घरांत उत्तरेचे कृष्णवर्णीय मजूर व दक्षिणेचे वर्णाभिमानी गोरे नांदूं लागले. दक्षिणेचे सेनेटर दुखावतील म्हणून झुंडीनें ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्धच्या विधेयकास रूझवेल्टनें पुरतें पाठबळ दिलें नाहीं. असा संसार किती दिवस चालणार? १९४८ मध्यें डेमोक्रॅटिक अधिवेशनानें समान हक्कांचा ठराव करितांच दक्षिणेचे कांहीं प्रतिनिधि उठून गेले. त्यांच्या स्ट्रॉम थर्मंडनें स्वतंत्रपणें उभें राहून चार संस्थानें जिंकलीं.

निर्णायक वर्ष १९६४ हें होय. त्या वर्षीं डेमोक्रॅट जॉन्सन यानें नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. लक्षांत ठेवा, सेनेटमध्यें ३३ रिपब्लिकनांपैकीं २७ व ६७ डेमोक्रॅटांपैकीं ४६ सभासद त्यास अनुकूल होते. म्हणजे प्रमाण पाहतां लिंकनचा पक्षच पुढें होता. तथापि विरोध केलेल्या सहा रिपब्लिकनांपैकीं गोल्डवॉटर यासच त्या पक्षानें अध्यक्षपदासाठीं उभें केलें. त्याचा सपाटून पराभव झाला. पण स्वतःचें आरिझोना सोडल्यास त्यानें जिंकलेलीं पांचही संस्थानें खोल दक्षिणेंतील होतीं. हा आंकडा चतुर लोकांनीं हेरला. थर्मंड त्याच वर्षीं रिपब्लिकन झाला. १९६८ पासून निक्सननें शांतता-सुव्यवस्था व संस्थानांचे अधिकार अशा सौम्य शब्दांनीं नाराज गोऱ्या मतदारांस जवळ केलें; यासच 'दक्षिणी डावपेंच' असें नांव पडलें. बदल एका रात्रींत झाला नाहीं. १९७६ मध्यें जॉर्जियाच्या कार्टरनें बहुतेक दक्षिण पुन्हां डेमोक्रॅटांकडे आणिली. पुढें रेगनच्या काळीं प्रवाह पालटला, आणि १९९४ मध्यें प्रतिनिधिगृहांतील दक्षिणेच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांस मिळाल्या. नवे उद्योग, करांविषयींचीं मतें, गर्भपातासारखे धार्मिक प्रश्न हींही कारणें होतीं. सारा दोष वर्णद्वेषावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु तो नव्हताच असें म्हणणेंही खोटेपणाचें होईल. २००५ मध्यें त्या पक्षाचे अध्यक्ष केन मेलमन यांनीं कृष्णवर्णीयांच्या सभेंत हा दोष स्वतःच कबूल केला.

यावरून काय बोध घ्यावा? पक्ष हा दुकानासारखा आहे. पाटी तीच राहते, माल मात्र गिऱ्हाईक पाहून बदलतो. गिऱ्हाईक बदलण्याचीं कारणें तीन: कायद्यानें मत मिळणें वा हिरावलें जाणें, लोकांचें स्थलांतर, आणि पुढाऱ्यांचा हिशेब. म्हणून आजोबांनीं ज्यास मत दिलें त्यासच नातवानें द्यावें, ही निष्ठा नव्हे, आळस होय. आपण ख्रिस्ती लोकांनींही गर्व करूं नये. गुलामगिरीच्याच वादांतून १८४५ सालीं दक्षिणेंतील बॅप्टिस्ट मंडळ्या वेगळ्या झाल्या. तेंच पवित्र शास्त्र वाचणाऱ्या त्या मंडळ्यांच्या संघास पश्चात्तापाचे शब्द उच्चारण्यास १९९५ साल उजाडावें लागलें. झाडाची पारख करण्याची जी कसोटी प्रभूनें शिष्यांस दिली, तीच पक्षास लावा आणि आपल्या मंडळीसही लावा. नांव विचारूं नका. यंदाचें फळ पाहा.