गंभीर गुन्ह्यातला जामीन: पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

घरातल्या माणसाला खुनाच्या किंवा खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात अटक झाली की घरचे आधी पैशाची जुळवाजुळव करतात. दागिने गहाण पडतात, शेताचा तुकडा विकायला निघतो. 'एवढे द्या, आठवड्यात सोडवतो' म्हणणारा कोणीतरी कोर्टाच्या आवारात भेटतोच. त्याला एक रुपयाही देऊ नका.

न्यायाधीश पाहतात ते वेगळंच असतं. पुरावा प्रथमदर्शनी किती ठोस आहे, शिक्षा किती मोठी आहे, आरोपी फरार होईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, आधीचे गुन्हे आहेत का. म्हणून पक्का पत्ता, नोकरी, शेती, घरातलं आजारपण यांचे कागद आधी गोळा करा. झेरॉक्सच्या खर्चात होणारं हे काम अर्जाला खरा आधार देतं. मकोका (संघटित गुन्हेगारी), एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (बेकायदा व दहशतवादी कृत्यं) किंवा पीएमएलए (मनी लाँडरिंग) यांपैकी कायदा लागला असेल तर जामिनाच्या अटी फार कडक असतात. तिथे त्याच कायद्याचे खटले चालवलेला वकील शोधा.

वकिलाच्या फीला ठरलेला दर नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ही फी एका अर्जाची की प्रत्येक तारखेची? सत्र न्यायालयाने अर्ज फेटाळला तर उच्च न्यायालयाचे वेगळे किती? फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकारी सहसा जामीन देत नाहीत. महिला, अल्पवयीन आणि आजारी व्यक्तींना त्यात अपवाद आहे. बाकीच्यांनी तिथे अर्ज का करायचा, हे वकिलाकडून समजून घ्या. एकदा फेटाळलेला अर्ज परिस्थिती बदलल्याशिवाय पुन्हा करणं म्हणजे बहुतेकदा फी वाया घालवणं.

एका तारखेवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत, इतर गुन्ह्यांत 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. मकोका, यूएपीएसारख्या कायद्यांत ही मुदत वाढू शकते. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज केला नाही तर हा हक्क हातचा जातो. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते. तिच्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

आता जामिनाचा आदेश पाहू. '25 हजारांचा जात मुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार' असं वाचून अनेकजण ही रक्कम उसनी काढायला धावतात. पण ती कोर्टात भरायचीच नसते. आरोपी तारखांना आला नाही तर वसूल होईल, अशी ती आरोपीची स्वतःची (जात मुचलका) आणि जामीनदाराची हमी असते. जामीनदार ओळखपत्र, रेशन कार्ड, फोटो, सातबारा किंवा घरपट्टीची पावती घेऊन येतो. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणतो. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. आधी किती जणांना जामीन राहिला, हे त्याला लिहून द्यावं लागतं. म्हणून भाड्याचा जामीनदार घेऊ नका. कागद खोटे निघाले तर नवा गुन्हा अंगावर येतो. जामीनदार लगेच मिळत नसेल तर काही आठवड्यांसाठी रोख जामिनाची परवानगी मागता येते. ती रक्कम मात्र खरोखर भरावी लागते, आणि अटी पाळल्या तर खटला संपल्यावर परत मिळते. पावती जपून ठेवा.

रक्कम झेपणारी नसेल तर ती कमी करून मागा. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, असं कायदाच सांगतो. 1978च्या एका खटल्यात मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याकडे 10 हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि जामीनदार म्हणून पुढे आलेला त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 1 हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. आदेशानंतर महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं, असे निर्देश त्याच न्यायालयाने 2023 मध्ये दिले. गरीब कैद्यांना मदतीची केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली; तेव्हा खटला सुरू असलेल्या (कच्च्या) कैद्याच्या जामिनासाठी 40 हजार रुपयांपर्यंतची तरतूद होती. मात्र वर सांगितलेले काही कडक कायदे तिच्यातून वगळलेले होते.

कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. दागिने गहाण ठेवण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा.