तीसपट लहान फैजपूर

दिवाळीत अंगणात किल्ला करताना एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. बाजारातून आणलेला मातीचा मावळा महादरवाजापाशी उभा केला, की त्याचे डोके थेट बुरुजाच्या वर जाते! शेजारची गाय मांजराएवढी आणि तोफ तिच्याहून मोठी. दिवाळीच्या किल्ल्यावर हे खपून जाते. पण स्पर्धेसाठी खऱ्या घटनेचा देखावा करायचा, तर परीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतात. देखाव्यातील सर्व वस्तू एकाच प्रमाणात लहान हव्यात. मग हे काम नुसत्या भागाकाराचे आहे का? एक देखावा करूनच पाहू.

प्रसंगाची निवड

जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन भरले. त्याआधीची अधिवेशने शहरांत होत. खेड्यात भरलेले हे पहिलेच. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर असे नाव दिले होते. खेड्यातील अधिवेशनाची शोभाही खेड्यातील साहित्यातूनच उभी राहावी, असा गांधीजींचा आग्रह होता. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी ती बांबूसारख्या साध्या वस्तूंतून साकारली.

आपण यातील एक लहानसा तुकडा घेऊ : बांबूची कमान, दोन स्वयंसेवक, चार शेतकरी आणि मागे सातपुडा.

प्रमाण ठरवा

जत्रेत मिळणारे प्लॅस्टिकचे शिपाई साधारण साडेपाच सेंटीमीटर उंच असतात. खरा माणूस १६५ सेंटीमीटरचा धरला, तर प्रमाण १ : ३० झाले. आता पट्टी घ्या. १.८ मीटरचा दरवाजा ६ सेंटीमीटरचा होईल. १.२ मीटरचे बैलगाडीचे चाक ४ सेंटीमीटरचे होईल. ६ सेंटीमीटर जाडीचा बांबू फक्त २ मिलिमीटरचा. त्यासाठी खराट्याची काडी छान जमते.

येथपर्यंत भागाकार चालला. आता वजन पाहू. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही तीसपट घटल्या, म्हणून आकारमान ३० × ३० × ३०, म्हणजे २७,००० पट घटले. ६० किलोचा माणूस सव्वादोन ग्रॅमचा झाला! त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मात्र ९०० पटच घटला. वारा ढकलतो तो पृष्ठभागावर, आणि पाय रोवून धरते ते वजन. म्हणूनच पंखा लावताच आपला शेतकरी आडवा होतो. प्रत्येक बाहुल्याचे पाय फळीला पक्के चिकटवा.

शिपायाचा शेतकरी

प्रथम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिपायाची बंदूक, पट्टा आणि शिरस्त्राणाची कड धारदार पात्याने कापून टाका. पाते नेहमी स्वतःपासून दूर चालवा. हात वर किंवा खाली करायचा असेल, तर चिमट्याने बाहुले धरून कढत पाण्यात मिनिटभर बुडवा, हात वाकवा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. प्लॅस्टिकचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. उष्णतेने त्यांची एकमेकांवरील पकड सैल होते व गारव्याने पुन्हा घट्ट होते. दुसऱ्या दिवशी हात थोडा मागे सरकलेला दिसला, तर कृती पुन्हा करा.

धोतराचे कोडे

आता कपडे. अधिवेशन खादीवाल्यांचे, म्हणून तुम्ही खऱ्या खादीची चिंधी बाहुल्याला गुंडाळाल. करून पाहा. शेतकरी गोधडी पांघरल्यासारखा दिसेल! असे का?

खादीची जाडी ०.३ मिलिमीटर धरा. आपल्या छोट्या जगात तिला तिसाने गुणले पाहिजे. उत्तर येते ९ मिलिमीटर. एवढ्या जाड कापडाचे धोतर कोणी नेसेल का? शिवाय कापडाच्या चुण्या खाली सुटतात त्या त्याच्या स्वतःच्या वजनाने. तीन सेंटीमीटरच्या चिंधीला वजन जवळजवळ नाहीच, तिचा ताठरपणा मात्र तसाच राहिला. म्हणून ती फुगून उभी राहते. खरी खादी येथे खोटी ठरते.

यावर उपाय पतंगाचा कागद. तो खादीच्या मानाने फारच पातळ असतो. पांढऱ्या डिंकात तेवढेच पाणी मिसळा, कागदाची पट्टी त्यात भिजवा, बाहुल्याभोवती नेसवा आणि टाचणीच्या टोकाने चुण्या पाडा. वाळल्यावर त्या तशाच राहतात. डोक्याला कागदाचा पीळ गुंडाळला, की पागोटे झाले. नऊवारी लुगडे नेसलेली बाईही अशीच करता येईल. तिच्यासाठी मात्र तारेचा सांगाडा आणि शाडूची माती घ्या, कारण शिपायाची ऐट तिला शोभणार नाही.

रंग देताना

प्लॅस्टिकवर रंग धरत नाही, पापुद्रे निघतात. म्हणून बाहुले आधी साबणाने धुऊन त्यावर पातळ डिंकाचा एक हात द्या. तो वाळला की पोस्टर कलर लावा. घरातील जुन्या डब्यातला तैलरंग वापरू नका. त्यात शिसे असू शकते. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो तोंडात घालण्याची सवयही सोडा.

धोतर नुसते पांढरे रंगवले, तर ते सपाट दिसते. भर उन्हात सूर्य आकाशात लहानसा दिसतो, म्हणून सावल्या रेखीव पडतात. खोलीतील लांब ट्यूबलाइटने मिलिमीटरभर चुणीची सावली पुसट होते. ती आपण रंगवायची. करड्या रंगाचे पातळ पाणी चुण्यांतून सोडा आणि उंच कडांवर शुद्ध पांढरा हलकेच फिरवा.

आणि डोळे? पांढरी बुबुळे काढली, की शेतकरी दचकल्यासारखा दिसतो. आपल्या डोळ्याला एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी ओळखता येत नाही. उघड्या डोळ्याची उंची एक सेंटीमीटर धरली, तर आपल्या प्रमाणात ती तेवढीच येते. तेव्हा भुवईखाली गडद रंगाची बारीक रेघ पुरे.

मागचा सातपुडा निळसर आणि फिका रंगवा. दूरच्या डोंगराकडून येणाऱ्या प्रकाशात वाटेतील हवेने विखुरलेला निळा प्रकाश मिसळतो. समोरची काळी जमीन मात्र गडद हवी.

शेवटची परीक्षा : झेंडा

कमानीवर तिरंगा लावाल. त्यावर काय काढाल? अशोकचक्र काढलेत, तर सारी मेहनत एका क्षणात खोटी ठरेल. अशोकचक्राचा ध्वज २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारला. १९३६ साली काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. तो ध्वज १९३१ साली ठरला होता.

पाहा, पट्टीने मोजून केलेल्या देखाव्यातही अशी चूक राहू शकते. प्रमाण नुसते लांबीचे नसते, काळाचेही असते. म्हणून कापाकापी करण्यापूर्वी जुनी छायाचित्रे पाहा आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : तेव्हा पागोटे कसे बांधत? शेतात काय पिके असत? बैलगाडीचे चाक केवढे असे? मिळालेली उत्तरे वहीत लिहा आणि ती वही देखाव्याशेजारी ठेवा. परीक्षकांनी 'हे असेच का?' असे विचारले, की तुमच्याजवळ कारण तयार असेल.

विचार करा

१. आपल्या देखाव्यात खरे पाणी ओतून ओढा केला, तर तो खोटा का दिसेल?

२. प्रमाण १ : ६० घेतले, तर ६० किलोच्या माणसाचे वजन किती होईल?

३. बैलाच्या शिंगांना खरा सुती गोंडा बांधावा की रंगवावा? कारण सांगा.