गोचिडांचं गणित

प्रश्न : मी गणितात एम.एस्सी. आहे. गोचिडांमुळे पसरणाऱ्या रोगांच्या गणिती प्रारूपांवर काम करण्यासाठी एका विद्यापीठात संशोधकाची जागा निघाली आहे. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. अर्ज करावा का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अवश्य करा. तुमच्या सिंधुदुर्गातला माकडतापच घ्या. १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला. डास अनेकदा चावतो. माकडताप पसरवणारा गोचीड मात्र वाढीच्या तिन्ही अवस्थांत साधारण एकेकदाच रक्त पितो. एका अवस्थेत घेतलेला विषाणू तो पुढच्या अवस्थेत दुसऱ्या प्राण्याला देतो. त्यामुळे समीकरणांत अवस्था, ऋतू आणि कालविलंब तिन्ही आणावे लागतात. शिवाय माणसाकडून हा रोग पुढे जात नाही. साखळी चालते ती गोचीड, उंदीर, चिचुंद्र्या आणि माकडं यांच्यात.

अवकल समीकरणं, संख्याशास्त्र आणि आर किंवा पायथन यांवर हात बसवा. स्वतः लिहिलेलं एखादं छोटं प्रारूप अर्जाला जोडा. ‘आकडेवारी तोकडी असेल तर?’ हा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो. कोणतं गृहीतक बदललं की निष्कर्ष सर्वांत जास्त हलतो, ते आधी तपासेन, असं सांगा. जीवशास्त्र कामासोबत शिकता येईल.