शेअर्ड डिस्कवरची गिट रिपॉझिटरी

गिट रिपॉझिटरी एनएफएसवर किंवा विंडोजच्या शेअर्ड ड्राइव्हवर ठेवून अनेक यंत्रांवरून वापरली की ज्या चुका येतात, त्यांचे मूळ बहुधा गिटमध्ये नसते. फाइल आधी नसेल तरच तयार व्हावी, नाव एका झटक्यात बदलावे आणि लिहिलेले लगेच सर्वांना दिसावे, हे गिट गृहीत धरते. यातली शेवटची अट नेटवर्कवर पुरती पाळली जात नाही. लिनक्सचा एनएफएस क्लायंट फाइलचा आकार, वेळ वगैरे माहिती एरवी 3 ते 60 सेकंद आणि फोल्डरची 30 ते 60 सेकंद स्वतःजवळ ठेवतो. म्हणून दुसऱ्या यंत्रावरून नुकत्याच केलेल्या कमिटबद्दल गिट क्वचित ‘ऑब्जेक्ट सापडत नाही’ असे सांगते. ते हरवलेले नसते. मिनिटभर थांबून पुन्हा पाहावे.

सर्वांत जास्त भेटते ती ‘इंडेक्स.लॉक आधीच आहे’ ही तक्रार, आणि प्रत्यक्ष नुकसानही बहुतेक इथेच होताना दिसते. दुसरी गिट प्रक्रिया चालू नसेल तर फाइल काढून टाका, असे संदेशच सुचवतो. एकट्या यंत्रावर हे ठीक. शेअर्ड डिस्कवर मात्र ‘पीएस’ ही कमांड फक्त समोरच्या यंत्रावरच्या प्रक्रिया दाखवते. लॉक धरणारे, समजा रात्रीचे बिल्ड, दुसऱ्याच यंत्रावर चालू असू शकते. लॉक पुसून नवी कमांड दिली की ती त्याच नावाची फाइल लिहू लागते. इतक्यात पहिली प्रक्रिया काम संपवून त्या नावाची फाइल इंडेक्सच्या जागी बसवते, आणि बसते ती दुसरीची अर्धवट फाइल. म्हणून आधी प्रत्येक यंत्रावर गिट चालू आहे का ते पाहावे. लॉकची वेळ सर्व्हरच्या घड्याळाशी ताडावी. मगच फाइल न पुसता तिचे नाव बदलावे. इंडेक्स बिघडलाच, तर तो बाजूला ठेवून ‘गिट रीसेट’ने नवा बनवता येतो, कमिट शाबूत राहतात, फक्त ‘गिट अ‍ॅड’ने केलेली निवड जाते.

‘स्टेल फाइल हँडल’ म्हणजे उघडलेली फाइल किंवा फोल्डर सर्व्हरवरून गेले. फोल्डरबाहेर जाऊन परत यावे, न जमल्यास डिस्क पुन्हा माउंट करावी. ‘डॉट-एनएफएस’ने सुरू होणाऱ्या फाइली हाताने काढू नयेत, फाइल उघडी ठेवणारी प्रक्रिया बंद झाली की त्या आपोआप जातात.

एप्रिल 2022 मधल्या 2.35.2 आवृत्तीपासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत काम करायला नकार देते. यंत्रायंत्रांवर युजर क्रमांक वेगळे असले की हीच चूक येते. क्रमांक जुळवणे हा खरा उपाय. ते जमत नसेल, तर ‘सेफ.डिरेक्टरी’त त्या रिपॉझिटरीचा तेवढाच एक मार्ग नोंदवावा. तारांकन टाकून सगळेच मोकळे करणे म्हणजे सुरक्षाच बंद करणे. विंडोज शेअरवर काहीही न बदलता सगळ्या फाइली बदललेल्या दिसत असतील, तर एक्झिक्यूट परवानगी तपासावी आणि ‘कोअर.फाइलमोड’ फॉल्स करावे.

शेअर्ड डिस्कची अडचण सबव्हर्जनलाही येते: त्याची वर्किंग कॉपी 1.7 पासून एसक्यूलाइटवर चालते. एनएफएसवरच्या फाइल-लॉकवर एसक्यूलाइटला भरवसा ठेवता येत नाही. ती कॉपी स्थानिक डिस्कवरच हवी.

पुन्हा गिटकडे: ऑब्जेक्ट फाइल रिकामी निघाली, तर आधी सर्वांचे काम थांबवून ‘डॉट-गिट’ फोल्डरची प्रत काढावी. ‘गिट जीसी’ चालवू नये. ‘गिट एफएससीके’ने काय गहाळ आहे ते कळते, आणि तो ऑब्जेक्ट बहुधा कुणाच्या तरी क्लोनमध्ये मिळतो. त्यानंतर मांडणीच बदलावी: सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर बेअर रिपॉझिटरी, प्रत्येकाच्या यंत्रावर स्वतंत्र क्लोन आणि देवाणघेवाण एसएसएचवरून. मग मुख्य रिपॉझिटरीतले सारे लॉक त्या एकाच यंत्रावर लागतात आणि तिथेच सुटतात.